काळ्या ठिपक्याची साक्ष

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल जरा हातात घ्या. तिला आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्या पोटात शिसे मुळीच नसते. तिथे असते ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. लाकडाचा कोळसा, दिव्याची काजळी आणि अंगठीतला हिरा हे त्याचेच भाईबंद. आता या पेन्सिलीपासून फार दूर जायचे आहे. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य भागात, नूक या राजधानीच्या गावापासून आत, बर्फाच्या विस्तीर्ण थराच्या अगदी कडेला इसुआ नावाची जागा आहे. तिथल्या सुमारे ३७० कोटी वर्षे वयाच्या खडकात या ग्रॅफाइटचे ठिपके आहेत, इतके बारीक की एका मिलिमीटरच्या लांबीत दोन-अडीचशे ठिपके ओळीने मावावेत. गेली कित्येक वर्षे शास्त्रज्ञ या ठिपक्यांना एकच प्रश्न विचारीत आहेत : बाबा रे, तू पूर्वी कधी जिवंत होतास काय?

प्रश्न ठिपक्याला विचारण्याची पाळी यावी, याचे कारण दुसरा साक्षीदार उरलेला नाही. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. शिंपले, कवचे, हाडे असले ठळक अवशेष खडकात मुबलक सापडू लागतात ते गेल्या ५४ कोटी वर्षांत. त्याआधीच्या प्रचंड काळात जीवसृष्टी होती ती बहुतेक सूक्ष्मजीवांची. ज्यांना ना हाड ना कवच. मेल्यावर त्यांचे जे काही उरते ते चिखलात मिसळते, चिखलाचा खडक होतो, खडक जमिनीत खोल गाडला जातो, भाजला जातो, पिळला जातो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आपल्याला अनादि वाटतो, पण तो तप्त लाव्हा थिजून झाला त्याला जेमतेम साडेसहा कोटी वर्षे झाली आहेत. इसुआच्या खडकापुढे तो कालचे पोर. आणि या आजोबांनी आपल्या आयुष्यात पाचशे अंश सेल्सियसच्या आसपासची आच सोसलेली आहे. अशा भट्टीतून सूक्ष्मजीवाची आकृती शाबूत बाहेर येईल ही अपेक्षाच करू नये. पेशी गेली, तिच्यातले पाणी गेले, हायड्रोजन गेला, नायट्रोजन बहुतेक गेला. मागे उरला तो कार्बन, काळा आणि मुका.

पण हा मुका अगदीच मुका नाही. त्याला एक खूण असते, आणि ती खूण कोणती हे समजावून घेतल्याशिवाय पुढच्या हकिकतीत गोडी वाटणार नाही. म्हणून थोडा धीर धरावा.

कार्बनचे सगळे अणू वजनाने सारखे नसतात. हजारातले सुमारे ९८९ अणू १२ वजनाचे, आणि उरलेले ११ अणू १३ वजनाचे, म्हणजे किंचित जड. रासायनिक स्वभाव दोघांचा एकच. एकाच घराण्यातले सडपातळ आणि स्थूल भाऊ म्हणा. शास्त्रीय भाषेत त्यांना समस्थानिके म्हणतात. अल्फ्रेड नीर आणि अर्ल गुलब्रँसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३९ साली असे दाखवून दिले की हे प्रमाण सगळीकडे तंतोतंत सारखे नसते. चुनखडीत जड कार्बन थोडा जास्त, तर वनस्पतींत थोडा कमी.

असे का व्हावे? सुपात धान्य पाखडणारी बाई डोळ्यांपुढे आणा. ती एकेक कण निवडीत बसत नाही. सूप वर-खाली होते, हलके ते पुढे सरकते, जड ते मागे राहते. हिरव्या पानात कार्बन डाय-ऑक्साइड वायू पकडून त्याची साखर करण्याचे काम एक वितंचक, म्हणजे एन्झाइम, करते. हलका अणू असलेला वायू त्याच्या हाती किंचित लवकर लागतो आणि किंचित लवकर बांधला जातो. आवडीनिवडीचा तिथे प्रश्न नाही. पण हा किंचित फरक कोट्यवधी वेळा घडला की पानातल्या कार्बनवर त्याचा शिक्का बसतो. समुद्रातल्या चुनखडीतून आपण इतका कार्बन घेतला की त्यात जड अणू बरोबर १,००० भरले, असे समजू. तेवढाच कार्बन आंब्याच्या पानातून घ्या, जड अणू ९७५च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतील. हजारामागे पंचवीस कमी, म्हणून याला म्हणायचे 'उणे २५'. शून्य कुठले धरायचे, तर अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना राज्यात पीडी नावाच्या खडकथरात सापडलेल्या एका माखलीसारख्या सागरी प्राण्याच्या कवचाचे. ते मूळ कवच मोजणी करता करता केव्हाच संपून गेले, पण शून्य मात्र त्याचेच चालू आहे.

ही केवळ पंडितांची करमणूक आहे असे कुणाला वाटेल, म्हणून एक घरगुती उदाहरण देतो. भात, गहू, आंबा, बहुतेक रानफुले यांचा आकडा साधारण उणे २५ ते ३० या घरातला. पण ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही मंडळी वायू पकडण्याची निराळी रीत वापरतात, म्हणून त्यांचा आकडा उणे १२-१३ च्या आसपास. आता एखाद्याने मधात उसाची साखर मिसळली तर जिभेला कळणार नाही, कारण साखर ती साखर. कार्बनचा आकडा मात्र चहाडी करतो. मधाची भेसळ पकडण्याची ही रीत आज प्रयोगशाळांतून रूढ आहे. उसाचा रस काढला, उकळला, साखर केली, मधात विरघळवली, तरी उसाचा शिक्का पुसला गेला नाही, हे ध्यानात ठेवा. आपला सगळा खटला या शिक्क्याच्या टिकाऊपणावर उभा आहे.

सूक्ष्मजीवांचीही तीच तऱ्हा. हवेतून किंवा पाण्यातून स्वतः कार्बन बांधणारे जीव हलका कार्बन जास्त उचलतात. बहुतेकांचा आकडा उणे २० ते ३० च्या पट्ट्यात येतो, काहींचा त्याहूनही खाली जातो. ते मेले, चिखलात पुरले गेले, त्यांचे ग्रॅफाइट झाले, तरी आकडा बराचसा टिकतो. जमिनीखालच्या आचेने तो थोडा शून्याकडे सरकतो खरा, पण पार पुसला जात नाही. जर्मनीचे मानफ्रेड शिडलोव्स्की यांनी निरनिराळ्या युगांतल्या खडकांतले असे असंख्य आकडे एकत्र मांडले आणि १९८८ साली असा दावा केला की जीवसृष्टीची ही कार्बनची सही ३८० कोटी वर्षे मागे जाते. आकडे खोटे नव्हते. पण सही कुणाची हे ठरवायचे तर कागद कुठला, तो कुणाच्या हातांतून गेला, हेही पाहावे लागते. आणि खरा घोळ तिथेच आहे.

या घोळाची सर्वांत गाजलेली गोष्ट अकिलिया नावाच्या बेटावरची. हे बेट नूकच्या दक्षिणेला आहे. १९९६ साली स्टीफन मॉयझिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की या बेटावरच्या ३८० कोटी वर्षांहून जुन्या खडकात जीवाची खूण सापडली. खडकात ॲपेटाइट नावाच्या खनिजाचे कण होते. हे खनिज म्हणजे कॅल्शियमचे फॉस्फेट. आपले दात आणि हाडे याच जातीच्या द्रव्याची असतात, त्यामुळे त्याचे नाव निघाले की जीवशास्त्रज्ञ कान टवकारतात. या कणांच्या पोटात ग्रॅफाइटचे ठिपके होते आणि त्यांचा आकडा सरासरी उणे ३७ आला. इतक्या बारीक ठिपक्याचा आकडा काढायचा म्हणजे त्याच्यावर विद्युतभारित अणूंचा केसाहून कितीतरी बारीक झोत सोडायचा, उडालेले कण गोळा करायचे आणि त्यांचे वजनवार वर्गीकरण करायचे. यंत्र अजब खरे, आणि त्याने दिलेली बातमीही तशीच अजब.

अजब अशासाठी की त्या सुमारास चंद्रावरच्या दगडांवरून बहुतेकांची अशी समजूत होती की ३८० ते ३९० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीवर आणि चंद्रावर प्रचंड उल्कांचा भडिमार चालू होता. ती समजूत आता तितकी पक्की राहिलेली नाही, पण तेव्हा ती होती. मग मॉयझिस यांचे म्हणणे खरे असेल तर एक तर जीव त्या भडिमारातून तगला, नाही तर भडिमार थांबतो न थांबतो तोच जन्मला. दोन्हीपैकी काहीही असले तरी जीवाची उत्पत्ती ही कोट्यवधी वर्षांत एकदा लागणारी लॉटरी ठरत नाही. परिस्थिती जुळली की बऱ्यापैकी झटपट घडणारी गोष्ट ठरते. मग आकाशातल्या इतर ग्रहांबद्दलही वेगळा विचार करावा लागतो. ठिपका एवढासा, पण त्याच्यावर टांगलेले ओझे केवढे ते पाहा.

सहा वर्षे गेली. २००२ साली क्रिस्टोफर फेडो आणि मार्टिन व्हाइटहाउस यांनी त्या खडकाचीच उलटतपासणी केली. हिरवट आणि पांढऱ्या पट्ट्यांचा हा खडक समुद्रतळावर थर साचून झालेला आहे, असे पूर्वी मानले होते. यांचे म्हणणे पडले की तो मुळात तप्त शिलारसापासून झालेला आहे आणि नंतर त्यातून फिरलेल्या ऊन द्रवांनी त्याला पट्टे आणले. म्हणजे सूक्ष्मजीव राहायला समुद्रच नव्हता, असा प्रकार! साक्षीदाराने सांगितले, अमुक माणसाला मी नदीवर पाहिले. आणि वकिलाने दाखवून दिले, तिथे नदीच नाही. त्याच वर्षी मार्क व्हान झायलेन आणि सहकाऱ्यांनी इसुआच्या काही खडकांबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आणली. लोखंड असलेला कार्बोनेट दगड पुरेसा तापला की त्याचा विघात होतो आणि त्यातून मॅग्नेटाइट आणि ग्रॅफाइट तयार होतात. तिथे जीवाचा हात लागत नाही. काही नमुने त्यांनी हळूहळू तापवून जाळले, तेव्हा त्यातला हलका कार्बन अगदी कमी उष्णतेलाच जळून गेला. ३८० कोटी वर्षांचे मुरलेले ग्रॅफाइट इतक्या सहज जळत नाही. म्हणजे तो कार्बन बराच अलीकडे बाहेरून शिरलेला.

आणि मग २००५ साली आयव्हो लेपलांड आणि सहकाऱ्यांनी अकिलियाच्या त्याच खडकाचे नमुने, आणि बरोबर इतरही, घेऊन त्यांतले ॲपेटाइटचे कण पुष्कळ तपासले. त्यांना एकाही कणात ग्रॅफाइट दिसेना. या निबंधाच्या लेखकांत एक नाव आहे गुस्ताफ अरहेनियस. हे नाव वाचून मी थबकलो, कारण १९९६च्या मूळ दाव्याच्या निबंधावरही तेच नाव आहे. रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकांना ठाऊक असलेल्या स्वांते अरहेनियस यांचे हे नातू. जीवाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर आली असावीत असा तर्क ज्यांनी मांडला होता, त्या आजोबांचे. नऊ वर्षांपूर्वी ज्या शोधाने जगभर नाव झाले, त्याच शोधाविरुद्ध पुरावा गोळा करणाऱ्यांत जाऊन बसायचे, याला काय म्हणावे? वकिलीत याला पक्ष फिरवणे म्हणतील. शास्त्रात याला काम करणे म्हणतात. पुढे २००७ साली दुसऱ्या एका गटाला ॲपेटाइटच्या पोटात ग्रॅफाइट पुन्हा दिसले, त्यामुळे वाद मिटला असेही नाही. पण ठिपका असला तरी खडक कुठला हा प्रश्न उरतोच, आणि आज अकिलियाच्या नावावर कुणी पैज लावील असे वाटत नाही.

मग आपला इसुआचा ठिपका कसा टिकला? तो टिकला कारण त्याचा पत्ता बरोबर होता. ग्रीनलंडमध्येच जन्मलेले भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांनी १९९९ साली इसुआतल्या एका अशा जागेचा खडक निवडला, जिथे पिळवटणूक त्या मानाने कमी झाली आहे. जाड कणांचा थर, त्यावर बारीक, त्यावर अगदी मऊ चिखल, पुन्हा जाड. अशी थरांची उतरंड तिथे डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी साचलेला गाळ कापून पाहिलात तर अशीच रचना थोडीफार दिसेल. खोल समुद्राच्या तळाशी गढूळ पाण्याचे लोंढे येऊन बसले म्हणजे असे थर पडतात. याबद्दल फारसे कुणाचे दुमत नाही. ग्रॅफाइटचे ठिपके आहेत ते त्या मऊ चिखलाच्या थरांत, आणि त्यांचा आकडा आहे उणे १९. अकिलियाच्या उणे ३७ पुढे हा आकडा सौम्य वाटतो. पण खडकाने सोसलेली आच हिशेबात धरली तर मूळचा आकडा आणखी खाली असणार. रोझिंग यांचा तर्क असा की समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव मरून पावसासारखे सावकाश तळाशी पडत असावेत.

यावरही शंका घेतल्या गेल्या, आणि त्या घेतल्या जाव्यात. २०१४ साली जपानी शास्त्रज्ञांनी रोझिंग यांच्यासह या ग्रॅफाइटची सूक्ष्म घडण तपासली आणि ती ऊन द्रवातून साचलेल्या ग्रॅफाइटपेक्षा वेगळी असल्याचे दाखवले. मला त्याहून आवडला तो २०१७चा प्रयोग. या खडकात गार्नेट, म्हणजे आपण ज्याला ताम्रमणी म्हणतो, त्याचे स्फटिक आहेत. स्फटिक वाढताना त्याने आजूबाजूचा चिखल आणि त्यातला कार्बन आपल्या पोटात बंद करून टाकला. बरणीला झाकण घट्ट बसावे तसे. त्यानंतर बाहेरून काही आत शिरण्याची सोय राहिली नाही. त्या बंद पोटातला कार्बन तपासला तेव्हा तो नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याशी जोडलेला आढळला, आणि बहुधा फॉस्फेटशीही. जीवद्रव्यातही हेच सोबती असतात. एकट्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता. पण खडकाचा पत्ता, आकडा, घडण आणि सोबती या चौघांची साक्ष जुळते तेव्हा नाकारणाऱ्यालाच काहीतरी बोलावे लागते.

नाकारणाऱ्यांकडे बोलायला आहे, हेही सांगितले पाहिजे. समुद्रतळाखाली लोहयुक्त खडकांतून ऊन पाणी फिरते तेव्हा हायड्रोजन निघतो आणि तो कार्बनच्या संयुगांशी संयोग पावून साधे सेंद्रिय पदार्थ बनतात. २००६ साली टॉमस मॅककॉलम आणि जेफ्री सीवॉल्ड यांनी अशी क्रिया प्रयोगशाळेत घडवून पाहिली. तयार झालेला कार्बन जीवांनी बनवावा तितकाच हलका निघाला! म्हणजे सुपाशिवायही पाखडणी होते. म्हणून 'उणे अमुक, तस्मात् जीव' असे लिहिणारा निबंध आज कुठलेही मातबर नियतकालिक छापत नाही.

कार्बनखेरीज दुसरा रासायनिक साक्षीदार आहे गंधक. कोकणातल्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी पाय रुतवून चाललेल्या माणसाला मी काय म्हणतो ते लगेच समजेल. काळा चिखल ढवळला की कुजक्या अंड्यासारखा जो वास सुटतो, तो तिथल्या सूक्ष्मजीवांचा उच्छ्वास. त्यांना श्वासाला ऑक्सिजन लागत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तेही हलका गंधक आधी उचलतात. हा वायू चिखलातल्या लोखंडाशी मिळून सोनेरी रंगाचा पायराइट बनतो आणि हलक्या गंधकाचा शिक्का दगडात कायम होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा प्रदेशात नॉर्थ पोल नावाचे ठिकाण आहे. नाव उत्तर ध्रुवाचे, आणि जागा अशी रखरखीत की थंडीचा लवलेश नाही. तिथले सुमारे ३४८ कोटी वर्षांचे खडक इसुआच्या मानाने फार कमी भाजलेले आहेत. त्यांतल्या बॅराइट खनिजात अडकलेल्या पायराइटमध्ये गंधक हजारी वीस-एकवीसपर्यंत हलका सापडला, असे २००१ साली यानान शेन, रॉजर ब्यूइक आणि डोनाल्ड कॅनफिल्ड यांनी दाखवले. नेमके कुठल्या जातीचे सूक्ष्मजीव, यावर पुढे वाद झाले, पण ते घरातल्या घरात. याच खडकातल्या गारेच्या शिरांत कोंडलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांतला मिथेन वायू २००६ साली जपानच्या यूइचिरो उएनो यांनी मोजला तेव्हा तो उणे ५६ हूनही खाली गेला. इतका हलका मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव आजही दलदलीत आणि गाईगुरांच्या पोटात नांदत आहेत.

आता तिसरा साक्षीदार, आणि त्याच्या फजितीची कथा.

हिंगाचा डबा रिकामा होऊन महिने लोटले तरी झाकण उघडताच नाकाला कळते की इथे हिंग होता. जिवंत पेशीच्या आवरणात काही स्निग्ध रेणू असतात. आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल त्याच कुळातले. पेशी नष्ट झाली तरी या रेणूंचा कार्बनचा सांगाडा खनिज तेलात आणि खडकात कोट्यवधी वर्षे टिकू शकतो. त्यावरून केवळ 'जीव होता' एवढेच नव्हे, तर कुठल्या घराण्याचा होता तेही सांगता येते. आकड्यापेक्षा हा पुरावा कितीतरी बोलका. १९९९ साली योखेन ब्रॉक्स, ग्रॅहॅम लोगन, रॉजर ब्यूइक आणि रॉजर समन्स यांनी पिलबारातल्या २७० कोटी वर्षांच्या खडकांतून असे सांगाडे मिळाल्याचे जाहीर केले. त्यांत कोलेस्टेरॉलच्या कुळातलेही होते. ते रेणू बनवायला ऑक्सिजन लागतो, आणि हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तीस कोटी वर्षे आधीच प्रगत पेशी आणि थोडाफार ऑक्सिजन दोन्ही हजर! पाठ्यपुस्तके बदलू लागली.

पण डब्याला येणारा वास डब्यातल्याच हिंगाचा, की फडताळात शेजारी ठेवलेल्या डब्याचा? ब्रॉक्स यांनीच ही शंका सोडली नाही. २००८ साली बिर्गर रासमुसेन यांच्याबरोबर त्यांनी त्या खडकातला मूळचा, जागचा न हललेला कार्बन बारीक झोताने मोजला आणि त्याची तुलना खडकातून काढलेल्या त्या तेलकट रेणूंशी केली. दोघांत हजारी दहा ते वीस इतकी तफावत निघाली. एका आईची लेकरे इतकी वेगळी असत नाहीत. तेल मागाहून आलेले होते. शेवटचा निकाल लागावा म्हणून २०१२ साली पिलबारात मुद्दाम नवी भोके पाडण्यात आली. वेधनाच्या यंत्रांना तेल, वंगण लागते, आणि नेमके तेच नको होते. म्हणून सगळे काम कमालीचे सोवळे पाळून केले. आमच्या आजीच्या सोवळ्यालाही लाजवील असे. नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले. २०१५ साली कॅथरीन फ्रेंच यांच्या नावे निकाल छापून आला : प्राचीन रेणूंचा मागमूस नाही. पूर्वी सापडलेले रेणू नमुने काढताना आणि हाताळताना चिकटलेले. या निबंधावर ब्रॉक्स, ब्यूइक आणि समन्स यांच्या सह्या आहेत. १९९९च्या चौघांपैकी तिघे! असे खात्रीचे रेणू आज जुन्यात जुने मानले जातात ते उत्तर ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षांच्या खडकातले. एका निबंधाने तीस कोटी वर्षे मिळवली होती. दुसऱ्याने शंभर कोटींहून अधिक परत केली.

वर्गात ही कथा सांगितली की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, मग आता सगळ्यात जुना पुरावा धरायचा कुठला?" परीक्षेत एका वाक्यात उत्तर लिहायचे असते बिचाऱ्याला. इसुआचा, असे मी सांगतो. मात्र त्याहून जुन्याचे दावेदार आहेत. २०१७ साली कॅनडातल्या लाब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या ३९५ कोटी वर्षांच्या खडकात हलके ग्रॅफाइट मिळाल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी लिहिले. तिथे खडकाच्या वयावरच वाद आहे. आणि सर्वांत पुढे पोहोचलेला दावा २०१५चा, एलिझाबेथ बेल, मार्क हॅरिसन आणि सहकाऱ्यांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या खडकात झिरकॉन नावाच्या अतिशय चिवट खनिजाचे वाळूएवढे दाणे सापडतात. मूळचे खडक झिजून नाहीसे झाले, दाणे तेवढे उरले. असे दहा हजारांहून अधिक दाणे जमवून चाळल्यावर ४१० कोटी वर्षांचा एक दाणा मिळाला, ज्याच्या पोटात, एकही तडा नसलेल्या जागी, ग्रॅफाइटचे दोन ठिपके होते. आकडा उणे २४. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण इथे शीत एकच आहे आणि भांडे केव्हाच वितळून गेले आहे. त्या काळचा खडकच शिल्लक नसल्यामुळे अकिलियाला विचारलेला प्रश्न, म्हणजे 'पत्ता काय?', इथे विचारताही येत नाही. मॉयझिस यांच्या दाव्याला निदान खोडून काढता येत होते. बेल यांच्या दाव्याचे तसे नाही, आणि मला वाटते हेच त्याचे दुबळेपण.

ही सगळी उलटतपासणीची शिस्त आज ग्रीनलंडबाहेर, किंबहुना पृथ्वीबाहेर, उपयोगी पडू लागली आहे. मंगळावर गेल विवरात फिरणाऱ्या 'क्युरिऑसिटी' या यंत्रगाडीने काही दगडांची भुकटी तापवून पाहिली, तेव्हा कार्बनचा आकडा उणे १३७ पर्यंत गेल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. अकिलियाच्या काळात असा आकडा मिळता तर केवढा गजर झाला असता! इथे मात्र लेखकांनी एकाच दमात तीन शक्यता मांडल्या : मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव, सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेत घडवलेली क्रिया, किंवा सूर्यमाला कधीकाळी एखाद्या धुळीच्या ढगातून गेली असल्यास त्या ढगातली धूळ. दुसरी गाडी 'पर्सिव्हिअरन्स' जेझेरो विवरातल्या एका जुन्या नदीच्या पात्रात फिरत असताना जुलै २०२४ मध्ये तिला चिखलाचा एक दगड दिसला. त्याच्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत. कडेला काळपट, आत फिके. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणे त्या ठिपक्यांत लोखंडाचे फॉस्फेट आणि लोखंडाचे सल्फाइड असावे, आणि त्याच दगडात सेंद्रिय कार्बनही आहे. खाडीच्या चिखलात सूक्ष्मजीव हीच खनिजे बनवतात. पुरेशी उष्णता असेल तर ती जीवावाचूनही बनतात. पण तो दगड फारसा तापल्याच्या खुणा दिसलेल्या नाहीत. समस्थानिकांचे बारीक मोजमाप करणारी यंत्रे गाडीवर मावत नाहीत. ती इथल्या प्रयोगशाळांत आहेत. दगडाचा एक तुकडा कापून धातूच्या नळीत सीलबंद केलेला आहे. ती नळी मंगळावरच आहे, आणि ती इकडे कधी आणायची हे ठरलेले नाही.